सायकलींचे पुणे कशावर उभे होते

पुणे एके काळी सायकलींचे शहर होते, हे सांगताना बहुतेक जण त्याचे श्रेय पुणेरी स्वभावाला देऊन मोकळे होतात. काटकसर, साधी राहणी, वक्तशीरपणा ही कारणे ठरलेली. मला ती पटत नाहीत. स्वभावच कारणीभूत असता तर तो दोन पिढ्यांत असा विरून गेला नसता. सायकलीमागे एक व्यवस्था होती: कॉलेजे एकमेकांना धरून, रस्ते संथ आणि हाकेच्या अंतरावर सायकलचे दुकान. ही व्यवस्था टिकली तोवर विद्यार्थ्याला दुसऱ्या वाहनाची गरज पडली नाही.

फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली शनिवार पेठेतल्या वाड्यात सुरू झाले आणि दहा वर्षांनी नदीपलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी गेले. तेव्हा तिकडे जायचे म्हणजे तंगडतोडच. धोंडो केशव कर्वे आश्रम हिंगण्याला नेल्यानंतर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला रोज चारेक मैल चालत येत आणि तितकेच परत जात, पावसाळ्यात चिखल तुडवत. पुढे स. प. महाविद्यालय (१९१६), लॉ कॉलेज (१९२४), बीएमसीसी (१९४३) अशी एकेक संस्था उभी राहिली, ती बहुतांशी याच पट्ट्यात. पेठेतली खोली, खाणावळ, ग्रंथालय आणि कॉलेज ही सगळी ठिकाणे तीन-चार किलोमीटरांत आली. चालायला हे अंतर जास्त आणि टांग्याचे भाडे रोज परवडणारे नाही; सायकलला मात्र ते अगदी बेताचे. १९४९मध्ये विद्यापीठ गणेशखिंडीत आले, तेही या आवाक्याच्या फारसे बाहेर गेले नाही. १९५० साली पीएमटी सुरू झाली, पण स्टॉपवर बसची वाट बघण्याच्या वेळात सायकलवाला वर्गात जाऊन बसलेला असे.

सायकल हे गरिबाचे वाहन होते, असे म्हणणाऱ्यांनी भाड्याच्या दुकानांचा विचार करावा. सायकल सुरुवातीला विलायतेहून यायची आणि ती घेणे सामान्य घराला जड होते. म्हणून तर ती तासावर मिळत असे. मडगार्डवर रंगवलेला नंबर, वहीत नाव आणि नेल्याची वेळ, ओळखीच्या कुणाचा तरी हवाला, एवढ्यावर सायकल हातात पडे. तोच दुकानदार हवा भरी, घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत पंक्चर काढी आणि वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग करून देई. या दुकानांचा इतिहास कुणी नीट लिहायला हवा, कारण शहराची खरी वाहतूक-संस्था तीच होती. महापालिकेचा एक पैसा न लागता ती गल्लोगल्ली चालत होती.

मग सायकल गेली कशाने? पैसा आला, स्कूटर आली, असे उत्तर मिळते. त्यात तथ्य आहे: आकुर्डीत बजाजचा कारखाना होता, १९७२मध्ये लूना आली. पण स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे थांबत, आणि त्या काळात शहराचा आकारच पालटत होता. १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे वाडे वाहून गेले, माणसे दूरच्या वसाहतींत गेली. पुढे कोथरूड वाढले, पिंपरी-चिंचवडला कारखाने आले. अंतर वाढले तेव्हा इंजिन लागू लागले. आणि इंजिनांची गर्दी झाली तेव्हा रस्ते त्यांच्या सोयीने आखले गेले. आज गुडलक चौकातून फर्ग्युसनच्या दारात सरळ जायचे तर एकेरी वाहतूक आडवी येते. जंगली महाराज रस्त्याने वर जाऊन वळसा घ्यावा लागतो. मोटारीला तो काही मिनिटांचा, सायकलला पायांचा आणि जिवाचा. सुबत्तेपुढे इलाज नाही म्हणणाऱ्यांना हॉलंडमधले ग्रोनिंगन हे विद्यापीठाचे गाव दाखवता येईल. पुण्याहून कितीतरी श्रीमंत असलेल्या या गावाने १९७७मध्ये मध्यवस्तीचे चार भाग केले. एका भागातून दुसऱ्यात थेट जायची मोटारीला बंदी, सायकलला मुभा. वळसा तिथेही आहे, पण तो मोटारीला.

आता पुणे फार पसरले, सायकल कशी चालणार, हा आक्षेप हिंजवडीला जाणाऱ्यासाठी रास्त आहे. कॉलेजच्या आसपास कॉट घेऊन राहणाऱ्या हजारो मुलामुलींसाठी नाही. त्यांची अंतरे अजून तेवढीच आहेत. २०१७च्या डिसेंबरात महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास मोबाइलवरून भाड्याने मिळणाऱ्या सायकली रस्त्यावर आल्या आणि थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या. पुणेकरांनी त्या मोडल्या, टाकून दिल्या, अशी तक्रार झाली. मला त्यात पुणेकरांच्या शिस्तीपेक्षा दुकानदाराची उणीव दिसते. घेणाऱ्याला ओळखणारे कुणी नव्हते, आणि चेन उतरली तर ती संध्याकाळपर्यंत बसवून देणारेही कुणी नव्हते. आराखड्यात मार्गांची लांबी-रुंदी ठरते. या माणसाची जागा त्यात आधी ठरायला हवी.