तांबट : आवाज रोजचा, पक्षी दिसत नाही
ऊन तापलं की वडावरून टुक-टुक-टुक सुरू होतं, ते थांबतच नाही. तांब्याचं भांडं ठोकल्यासारखा आवाज, म्हणून नाव तांबट. सातपुड्याच्या डोंगरात आणि खाली शहादा, नंदुरबारच्या शिवारातही तो असतो. चिमणीपेक्षा जरासा मोठा. अंग हिरवं, कपाळ व छातीवर लाल पट्टा, गळा पिवळा. पानांत बसला की शोधून सापडत नाही. वड, पिंपळ, उंबराची फळं हे त्याचं मुख्य खाणं. विष्ठेतून बिया दूर पडतात, नवी झाडं उगवतात. घरट्यासाठी तो वाळक्या फांदीला खालच्या बाजूने चोचीने गोल भोक पाडतो. वीण साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, आणि नेमकी तेव्हाच बांधावरची वाळकी लाकडं सरपणाला तोडली जातात. भोक दिसलं तर ती फांदी पावसाळ्यापर्यंत राहू द्यावी.