लिमरिकच्या मंडळीचें एक गाणें



इतिहासाचा शिक्षक म्हणून तीस वर्षें मीं वर्गांत १९१६ हें साल मोठ्या उत्साहानें शिकविलें. त्या वर्षाच्या एप्रिलच्या २८ तारखेस बेळगांवीं लोकमान्य टिळकांनीं होमरूल लीग स्थापन केली. 'होमरूल' हा शब्द मूळचा आयर्लंडचा. आणि त्याच आठवड्यांत डब्लिन शहरांत आयरिश देशभक्तांनीं इंग्रज सत्तेविरुद्ध शस्त्र उपसलें होतें. हा योग सांगतांना माझा आवाज थोडा चढत असे, हें कबूल केलें पाहिजे. सेवानिवृत्त झाल्यावर एके दिवशीं नातवानें मला एक आयरिश गाणें ऐकविलें. त्यांतही तेंच १९१६ साल येतें. परंतु गाणारी स्त्री त्याचा जयजयकार करीत नाहीं. तेव्हांपासून न थांबलेल्या रक्तपाताच्या संतापानें तिचा आवाज जणूं फाटतो. मी चमकलों. हें गाणें गाणारी मंडळी कोण, याचा शोध घेण्याची बुद्धि मला त्या दिवशीं झाली.

आयर्लंडच्या पश्चिमेकडे शॅनन नदीच्या कांठीं लिमरिक शहर आहे. तेथें १९८९ सालीं नोएल आणि माइक होगन हे दोघे भाऊ, ड्रम वाजविणारा फर्गल लॉलर आणि गायक नायल क्विन असे चौघे तरुण एकत्र आले. मंडळीचें नांव ठेवलें 'द क्रॅनबेरी सॉ अस'. क्रॅनबेरी म्हणजे एक आंबट, तांबडें फळ. तिकडे त्याची चटणी करतात, आणि हें नांव भरभर उच्चारलें कीं त्या चटणीचेंच नांव ऐकूं येतें. मागच्या बांकावरील पोरांनीं करावा तसला हा विनोद! लवकरच क्विन बाहेर पडला. परंतु जातांना त्यानें एका मुलीचें नांव सुचविलें. त्याचे आयर्लंडवर एवढे उपकार खास आहेत.

ती मुलगी डोलोरेस ओरिऑर्डन. जन्म ६ सप्टेंबर १९७१, लिमरिकनजीकच्या बॅलीब्रिकन गांवीं. घरची स्थिति बेताची, भावंडें पुष्कळ, ही सर्वांत धाकटी. चर्चमधील ऑर्गन व प्रार्थनागीतें यांत तिचा गळा तयार झाला. १९९० सालीं ती मंडळीच्या तालमीस आली. नोएलनें गिटारवर बसविलेल्या एका चालीची फीत तिनें घरीं नेली आणि थोड्याच दिवसांत तिला शब्द लावून ती परत आली. तेंच पुढें 'लिंगर' म्हणून गाजलें. तिचा स्वर वर चढतांना मध्येंच तुटल्यासारखा होऊन पुन्हां सांधला जातो. मृतासाठीं आक्रोश करण्याची जी जुनी आयरिश रीत, तिची आठवण यावरून पुष्कळांना झाली आहे. मंडळीचें नांव आतां नुसतें 'क्रॅनबेरीज' झालें. या धर्तीच्या संगीतास तिकडे 'आल्टर्नेटिव्ह रॉक' म्हणतात. म्हणजे बाजारांतील ठरीव चालींपासून अंग चोरून राहणारें. पुढें त्याचाही बाजार झाला, ही गोष्ट निराळी.

स्टीफन स्ट्रीट या निर्मात्याच्या हाताखालीं तयार झालेला त्यांचा पहिला गीतसंच १९९३ च्या मार्चमध्यें निघाला. ब्रिटनमध्यें प्रथम त्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. मंडळी अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली, तेथील दूरचित्रवाणीवर 'लिंगर' वारंवार दिसूं लागलें, आणि १९९४ सालीं तोच संच ब्रिटनच्या यादींत पहिला आला. परदेशांत वाहवा झाल्यावांचून घरच्यांस किंमत कळत नाहीं, हा अनुभव आपणांसही अपरिचित नाहीं.

आतां मूळ गोष्टीकडे येतों. १९२१ सालीं आयर्लंडची फाळणी झाली आणि उत्तरेकडील भाग ब्रिटनकडे राहिला. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथें पेटलेल्या यादवीनें १९९८ च्या करारापर्यंत सुमारें साडेतीन हजार माणसांचा बळी घेतला. शनिवार, २० मार्च १९९३. इंग्लंडांतील वॉरिंग्टन गांवीं दुसऱ्या दिवशींच्या मातृदिनामुळें बाजारांत गर्दी होती. आयरिश रिपब्लिकन आर्मीनें कचऱ्याच्या लोखंडी पेट्यांत ठेवलेले दोन बॉम्ब उडाले. तीन वर्षांचा जोनाथन बॉल जागींच गेला. बारा वर्षांचा टिम पॅरी पांच दिवसांनीं वारला.

क्रॅनबेरीज त्या सुमारास इंग्लंडांत दौऱ्यावर होती. डोलोरेसनें गाणें लिहिलें तें 'झोंबी'. तोंपर्यंतचीं तिचीं गाणीं हळुवार. याची गिटार मात्र करवतीसारखी कर्कश. हीं कृत्यें आयर्लंडच्या नांवानें चालतात, पण तीं करणारे म्हणजे मी नव्हे, असें तिनें स्पष्ट सांगितलें. तिच्यावर टीकाही झाली. एकाच पक्षाच्या माथीं दोष मारला, इंग्रजी फौजांच्या हातून मेलेल्यांचें काय, असें विचारणारे कांहीं अगदींच चुकीचे नव्हते. इतिहासाच्या शिक्षकास हें म्हणणें भाग आहे. परंतु तिनें इतिहासाचा निवाडा लिहिलाच नव्हता. तिच्यापुढें दोन मुलें होतीं.

१९९४ च्या सप्टेंबरांत गाणें बाहेर पडलें. आयरिश रिपब्लिकन आर्मीची शस्त्रसंधि नुकतीच, ३१ ऑगस्टला, जाहीर झाली होती. जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया या देशांत तें पहिल्या स्थानीं गेलें आणि 'नो नीड टु आर्ग्यू' या त्याच्या संचाच्या दीड कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्यानंतरची कथा थोडक्यांत सांगतां येते. आणखी तीन संच झाले, शेवटीं थकवा आला, २००३ सालीं मंडळी थांबली. २००९ सालीं पुन्हां जुळली. परंतु पहिल्या दोन संचांची उंची पुन्हां गांठली गेली नाहीं, असें माझें मत आहे.

१५ जानेवारी २०१८ रोजीं लंडनमधील एका हॉटेलांत डोलोरेस मृत आढळली. वय अवघें ४६. मद्याच्या अमलांत स्नानाच्या टबांत बुडून अपघातानें मृत्यु, असा चौकशीचा निर्णय झाला. एका अमेरिकन मंडळीनें 'झोंबी' नव्यानें बसविलें होतें. त्यांत आपला आवाज देण्यासाठीं ती लंडनला आली होती. तिला बॅलीब्रिकनलाच मूठमाती दिली. मागें राहिलेल्या तिघांनीं तिच्या कुटुंबाची अनुमति घेऊन, तिनें कच्च्या फितींवर गाऊन ठेवलेल्या आवाजाभोंवतीं वाद्यें रचून शेवटचा संच पुरा केला. १९९३ चा स्टीफन स्ट्रीटच पुन्हां निर्माता होता. २०१९ च्या एप्रिलांत तो संच निघाला आणि मंडळीनें आपलें नांव कायमचें खालीं ठेवलें. २०२३ सालीं पॅरिस येथें रग्बीच्या विश्वचषकांत आयर्लंडनें दक्षिण आफ्रिकेला हरविलें, तेव्हां हजारों प्रेक्षकांनीं हेंच गाणें गायिलें. त्यावरून पुन्हां वाद झाला. हें गाणें विजयोत्सवांत गावें काय, हें मलाही ठरवितां आलेलें नाहीं.

एक गोष्ट मीं मुद्दाम मागें ठेवली होती. टिमच्या वडिलांनीं मुलाच्या मृत्यूनंतर उभें आयुष्य शांततेच्या कामास वाहिलें. परंतु हें गाणें वॉरिंग्टनच्या त्या दिवसावरून झालें, हें त्यांस पंचवीस वर्षें ठाऊक नव्हतें. डोलोरेसच्या मृत्यूची बातमी पत्नीकडून कळली, तेव्हां त्यांनीं संगणकावर गाणें लावून त्यांतील शब्द प्रथमच लक्ष देऊन ऐकले. आभार मानावयास ती मात्र तेव्हां राहिली नव्हती.