एका भेटग्रंथाची फलश्रुती

अशोक विजयादशमीच्या सुमारास नागपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी जो जनसमुदाय लोटतो, त्याचे एक लक्षण परक्या मनुष्याच्या नजरेत भरल्यावाचून राहत नाही. मेळा म्हटला म्हणजे मिठाईची व खेळण्यांची दुकाने असावयाचीच. पण येथे पुस्तकांच्या दुकानांची रांगच रांग लागलेली असते, आणि खेड्यापाड्यांतून आलेली बेताच्या मिळकतीची माणसे घरी जाताना मुलांसाठी पुस्तके घेऊन जातात. या दृश्याचा धागा मागे नेऊ लागल्यास आपण मुंबईतील एका शाळकरी मुलाच्या हातातील एका पुस्तकापाशी येऊन पोहोचतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याच वर्षी आपल्या बुद्धविषयक ग्रंथासाठी लिहिलेल्या एका प्रस्तावनेत त्यांनी बालपणीची हकीकत सांगितली आहे. वडील सुभेदार रामजी हे कबीरपंथी व मोठे धर्मनिष्ठ. ते मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचन नेमाने करवीत. मुलाने एकदा धीर करून विचारले, की ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा गौरव आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता वारंवार येते, ते आपण का वाचावे? वडिलांनी उत्तर दिले, की आपण अस्पृश्य. म्हणून मनात न्यूनगंड उपजण्याचा संभव. तो घालविण्यासाठीच हे वाचावयाचे. द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्याकडे पाहा. लहान स्थितीतून ते केवढ्या पदास चढले!

हे उत्तर सामान्य नव्हे. ज्या साहित्यात आपल्या मुलास मानाचे स्थान नाही, त्यातूनच त्याच्याजोगी माणसे निवडून काढण्याची एका बापाची ती धडपड होती. मुलास त्यातील तथ्य कळले. पण समाधान झाले नाही.

त्यापूर्वी परीक्षेतील यशाबद्दल समाजबांधवांनी त्याचा गौरव करण्यास सभा भरविली, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यास भेट दिले. हा ग्रंथ १८९८ साली प्रसिद्ध झाला होता. केळुसकर त्या मुलाच्या जातीचे नव्हते. परंतु बागेत एकटा वाचीत बसणारा विद्यार्थी त्यांनी हेरला होता. पुढे सयाजीराव महाराजांकडून त्यास शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचा हात होता. ज्या कथेत जन्मावरून माणसाची किंमत ठरत नाही, अशी एक मोठी कथा त्या मुलास प्रथमच लाभली.

खुद्द नागपुरातही ही वाट आयती मिळालेली नव्हती. किसन फागुजी बनसोडे यांनी १९०७ साली येथे चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली आणि पुढे छापखाना घालून वृत्तपत्रे चालविली. आपली हकीकत दुसरा कोणी छापीत नसेल, तर खिळे आपणच जुळविले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते. जाईबाई चौधरी यांनी तर कामठीच्या स्टेशनवर ओझी वाहिली. पुढे त्या शिक्षिका झाल्या. पण अस्पृश्य बाईने आपल्या मुलांस शिकवावे हे स्पृश्य पालकांस सोसले नाही, आणि ती नोकरी गेली. तेव्हा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांनी नागपुरात मुलींसाठी स्वतःचीच शाळा उघडली.

कोणी म्हणेल, चांगले पुस्तक ते सर्वांसच चांगले. त्यात मुलाने आपले प्रतिबिंब कशाला शोधावे? हा आक्षेप बहुधा ज्यांचे प्रतिबिंब पानोपानी आहे तेच घेतात. आरशाची उणीव, ज्याच्या घरी तो नाही त्यालाच कळते. शिवाय लाभ एकट्या त्या मुलाचाच नव्हे. हमालाच्या वा विणकराच्या मुलीची गोष्ट वाचल्याने वकिलाचा मुलगाही शहाणाच होईल.

आपल्याकडे पुस्तकदान पुष्कळदा अडगळ काढण्याच्या निमित्ताने होते. फाटकी क्रमिके व जुनी मासिके एखाद्या शाळेकडे रवाना झाली, की पुण्य पदरात पडल्यासारखे वाटते. केळुसकरांनी अडगळ दिली नाही. घेणारा कोण, त्याला कशाची भूक आहे, हे पाहून त्यांनी स्वतःच्या श्रमांचे फळ त्याच्या हाती ठेवले. वाचक हो, यापुढे एखाद्या वस्तीतील शाळेस पुस्तके देण्याचा योग आला, तर कपाटापुढे उभे राहून ‘यातले मला काय नको आहे?’ असे विचारू नये. ‘ते मूल यात कोठे आहे?’ असे विचारावे.