कर्ज बाकी असलेली गाडी एक्सचेंजमध्ये देताय? आधी हे कागद पहा

हेमलकसा (ता. भामरागड) : पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, दवाखान्यासाठी-बाजारासाठी आलापल्ली गाठायची. त्यामुळे या भागात चारचाकी ही हौस नाही, गरज आहे. बहुतेक गाड्या फायनान्सवरच्या. हप्ते संपायच्या आधीच जुनी देऊन नवी घ्यायचा विचार येतो. असा व्यवहार करता येतो, पण कागद अर्धवट ठेवले तर जुनी गाडी पाठ सोडत नाही.

बोजा म्हणजे काय?

आरसीवर फायनान्स कंपनीचे किंवा बँकेचे नाव चढलेले असते. त्याला एचपी किंवा बोजा म्हणतात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 51 नुसार, बोजा असेपर्यंत फायनान्सरच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

हिशेब कसा करायचा?

बँकेकडून ‘फोरक्लोजर स्टेटमेंट’ मागा. राहिलेले हप्ते गुणून आकडा काढू नका, त्यात पुढचे व्याजही असते. मुदतीआधी कर्ज फेडल्याचा चार्ज लागतो का, ते करारात पहा.

समजा बाकी 2 लाख 40 हजार आहे. शोरूमने गाडीचे 3 लाख 10 हजार लावले, तर 70 हजार नव्या गाडीच्या डाउन पेमेंटला मिळतात. पण 2 लाखच लावले, तर 40 हजार खिशातून भरावे लागतात. हे 40 हजार नव्या कर्जात घातले तर जुन्या गाडीचे व्याज नव्या हप्त्यात भरत राहाल. जमत असेल तर वर्षभर थांबलेले बरे.

क्रम असा ठेवा

1. फोरक्लोजर स्टेटमेंट घ्या. डीलर पैसे भरणार असेल तर ते थेट तुमच्या कर्ज खात्यात जमा करायला सांगा आणि पावती घ्या.
2. बँकेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35 घ्या. एनओसीवरची मुदत पहा.
3. आरटीओत बोजा उतरवा. गडचिरोलीचे कार्यालय इथून दीडशे किलोमीटरहून जास्त, म्हणून ‘परिवहन’ पोर्टलवर अर्ज भरून, सगळे कागद घेऊनच निघा.
4. नाव बदलायला विकणाऱ्याचा फॉर्म 29 आणि घेणाऱ्याचा फॉर्म 30 लागतो. राज्यातल्या राज्यात विक्रीची माहिती विकणाऱ्याने 14 दिवसांत द्यायची असते.
5. जुन्या विम्याचा नो क्लेम बोनस सोडू नका. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विमा कंपनीचे पत्र घेऊन तो नव्या गाडीला लावता येतो.

डीलरकडे गाडी सोडताना

1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकृतता प्रमाणपत्र घेण्याचा नियम आहे. ते दाखवायला सांगा. अधिकृत डीलरकडे गाडी देताना फॉर्म 29सी ऑनलाइन भरला जातो. त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरवर जाते. त्याची प्रत जपून ठेवा.

‘हप्ते तू भर, गाडी तू ने’

गावात सर्वात जास्त व्यवहार असेच होतात. बाँडपेपरवर सह्या, नोटरी, झालं. पण नेणाऱ्याने हप्ते थकवले तर नोटीस मूळ मालकाच्या घरी येते आणि सिबिल त्याचाच बिघडतो. पुढे ट्रॅक्टरचं कर्जही अडू शकतं.

अपघात झाला तर त्याहून वाईट. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ अनेकांना विकली गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याचेच होते. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली.

शेवटचं काम

गाडी दिल्यावर महिन्याभराने एमपरिवहन अॅपवर जुना नंबर टाकून पहा. मालक बदललेला दिसला आणि बँकेचे ‘नो ड्यूज’ पत्र हातात असलं, तरच व्यवहार पूर्ण झाला असं समजा.