बन्नेरघट्टा अभयक्षेत्राचे आकुंचन

कर्नाटकातील बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र १६८.८४ चौरस किलोमीटर राहील, अशी अंतिम अधिसूचना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०२० मध्ये जारी केली. २०१६ च्या प्रारूप अधिसूचनेत हेच क्षेत्र सुमारे २६९ चौरस किलोमीटर प्रस्तावित होते. चार वर्षांत सुमारे शंभर चौरस किलोमीटर जमीन संरक्षणाच्या कक्षेबाहेर गेली.

बंगळुरूच्या दक्षिणेस सुमारे २२ किलोमीटर अंतरावर हे उद्यान आहे. १९७४ मध्ये त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०११ मधील विस्तारानंतर त्याचे क्षेत्रफळ २६०.५१ चौरस किलोमीटर झाले. पर्यटकांच्या परिचयाचे प्राणिसंग्रहालय आणि २००६ मध्ये सुरू झालेले फुलपाखरू उद्यान हा जैविक उद्यानाचा, म्हणजे एका लहानशा भागाचा पसारा होय. खरे अरण्य त्यापलीकडे आनेकल, हारोहळ्ळी व कोडिहळ्ळी या परिक्षेत्रांत आहे. लांबट व अरुंद असे हे वन दक्षिणेकडे कावेरी वन्यजीव अभयारण्य आणि तामिळनाडूतील तळ्ळी वनांशी जोडलेले असल्याने हत्तींचे कळप या मार्गाने ये-जा करतात. नाचणीचे पीक तयार झाले की कळप शेतांत उतरतात. पिकांची हानी होते आणि कधी माणसे, कधी हत्ती मृत्युमुखी पडतात. त्यास अटकाव करण्यासाठी वन विभागाने खंदक खणले आणि वापरात नसलेल्या रेल्वेरुळांचे अडथळे उभारले. मात्र अरुंद वनाच्या कडेला वस्ती, दगडखाणी व रिसॉर्ट येऊन भिडल्यास केवळ अडथळ्यांनी हा संघर्ष थांबणे कठीणच.

संवेदनशील क्षेत्राची योजना नेमकी यासाठी आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये घोषित होणाऱ्या या पट्ट्यात खाणकाम, दगड फोडणे, प्रदूषणकारी उद्योग व नव्या लाकूड गिरण्या यांना बंदी असते. वृक्षतोड, बांधकाम, भूजल उपसा यांवर नियंत्रण असते. शेती व ग्रामस्थांची घरगुती गरजेची बांधकामे यांना मनाई नसते. त्यामुळे गावे उठवली जाणार, ही ठिकठिकाणी पसरणारी भीती निराधार आहे. जमिनीच्या व्यापारास मात्र या निर्बंधांची झळ बसते, आणि महानगराच्या वेशीवर ही बाब गौण नाही.

२०१६ च्या मसुद्यात पट्ट्याची रुंदी १०० मीटर ते साडेचार किलोमीटर होती. राज्य सरकारच्या शिफारशीनंतर २०१८ मध्ये नवा मसुदा निघाला, त्यास पर्यावरणप्रेमी नागरिकांनी हरकती घेतल्या. तरीही अंतिम रुंदी १०० मीटर ते एक किलोमीटर एवढीच राहिली. तुलनेसाठी, मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती डिसेंबर २०१६ मध्ये ५९.४६ चौरस किलोमीटरचा पट्टा जाहीर झाला. तेथे रुंदी काही ठिकाणी चार किलोमीटरपर्यंत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२२ रोजी संरक्षित वनांभोवती किमान एक किलोमीटरचा पट्टा अनिवार्य केला होता. २६ एप्रिल २०२३ रोजी हा आदेश शिथिल करताना, जेथे प्रारूप वा अंतिम अधिसूचना निघाल्या आहेत ती क्षेत्रे त्यातून वगळण्यात आली. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत खाणकामास असलेली बंदी मात्र न्यायालयाने कायम ठेवली.