सड्यावरची वाघर

ससे धरण्यासाठी फेरेट पाळायची रीत गोव्यातल्या पेडण्यात रुजली नाही. यात नवल काय, असं कुणी म्हणेल. जगातल्या बहुतेक मुलखांत ती रुजलेली नाही. पण पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि १९६१ पर्यंत त्यांच्याच ताब्यात राहिला. हे राज्यकर्ते ज्या इबेरियन द्वीपकल्पातून आले, ते बिळात राहणाऱ्या सशाचं मूळ घर, आणि त्याला बिळातून हुसकावण्याच्या विद्येच्या सर्वांत जुन्या लेखी खुणाही तिथल्याच. पावणेदोनशे वर्षांच्या राजवटीत काजू डोंगरउतारांवर पसरला, पाव घराघरात गेला, जमिनीचे कागद पोर्तुगीज भाषेत लिहिले गेले; ही शिकार मात्र आली नाही. याचं कारण राज्यकर्त्यांच्या आवडीनिवडीत शोधू नये. ते सशाच्या स्वभावात आणि सड्याच्या दगडात आहे. आणि ते एकदा ध्यानात आलं की इथली पारध एकट्याची न राहता अनेकांची का झाली, आणि ती मोडल्यावर तिच्या जागी तारेची फासकी का आली, याचाही उलगडा होऊ लागतो.

आधी फेरेटची विद्या पाहू. फेरेट हा आपल्या नद्यांतल्या उदाच्या, म्हणजे पाणमांजराच्या कुळातला प्राणी: अंग लांबुडकं, पाय आखूड, अरुंद भोकात सहज शिरेल असं डोकं. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून तो माणसाळवला गेला. स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकारानं दक्षिण स्पेनचं वर्णन करताना सशांनी चालवलेली नासाडी सांगितली आहे, आणि मुसकी बांधून बिळात सोडल्या जाणाऱ्या, आफ्रिकेहून आणलेल्या अशाच एका प्राण्याचाही उल्लेख केला आहे. बॅलेरिक बेटांवरच्या लोकांनी सशांना आवरण्यासाठी सम्राट ऑगस्टसकडे चक्क सैन्य मागितलं, असं प्लिनी लिहितो. पंधराव्या शतकात पोर्तुगीजांनी अटलांटिकमधल्या पोर्तो सांतो बेटावर ससे सोडले आणि त्यांनी वसाहतीचं पीक फस्त केलं. असा हा प्राणी धरायचा तर त्याच्या घरातच शिरावं लागतं. बिळाला अनेक तोंडं असतात. प्रत्येक तोंडावर थैलीसारखं छोटं जाळं पसरून त्याची दोरी खुंटीला बांधायची आणि एका तोंडातून फेरेट आत सोडायचा. ससा घाबरून दुसऱ्या तोंडातून बाहेर उडी घेतो, थैलीत पडतो, दोरी आवळली जाते. मुसकी एवढ्यासाठी, की फेरेटनं ससा आतच मारला तर तो पोट भरून तिथंच झोपतो आणि मालक वर ताटकळत बसतो. या साऱ्या कामाला एक माणूस पुरतो. घर ठरलेलं, दारं मोजकी, प्रत्येक दारावर जाळं.

पेडण्याच्या रानसशाला असं घरच नाही. मानेवरच्या काळ्या पट्ट्यावरून ओळखला जाणारा हा ससा बीळ खोदत नाही. गवतात अंग दाबून केलेल्या उथळ खळग्यात तो कान पाठीला चिकटवून दिवसभर निपचित बसतो, तिन्हीसांजेला चरायला निघतो आणि उजाडता उजाडता परततो. बिळातल्या सशाची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात. त्यांना जमिनीखालच्या उबेची गरज असते. रानसशाची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच उघड्यावर येतात. मोपा, धारगळ, पार्से या गावांच्या माथ्यांवरचे सडे पाहिले की ही राहणी इथं किती चपखल बसते ते कळतं. जांभ्याचा कातळ, त्यावर वीतभर माती, पावसाळ्यात कमरेएवढं गवत आणि जागोजाग साचलेलं पाणी. इथं बीळ खोदणाऱ्याला आधी खोदता येणार नाही, आणि खोदलं तरी आषाढात ते भरून जाईल. तेव्हा सशाच्या राहत्या जागेला दार नाही. आहेत त्या फक्त वाटा. पण त्या वाटा तो चटकन बदलत नाही. झुडपाखालून, गडग्याच्या खिंडारातून, सड्याच्या कडेवरून तो रोज त्याच चाकोरीनं जातो आणि जिवावर बेतलं की बहुधा त्याच चाकोरीनं पळतो. फेरेटवाल्याला सशाचं घर माहीत असावं लागतं, वाघरवाल्याला सशाची वाट. वाघर म्हणजे वाखाच्या दोऱ्याचं लांबलचक जाळं. ते वाटेवर आडवं, सैलसर उभं करायचं आणि पलीकडून रान उठवायचं.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे सगळं सशाच्या माथी मारण्याची गरज काय. आपल्याकडे मांसाहारी जनावर शिकवून त्याच्याकडून शिकार करवण्याची परंपराच नव्हती. हा आक्षेप टिकत नाही. पेडण्याहून घाट चढून गेलं की कोल्हापूर. तिथल्या संस्थानात विसाव्या शतकातही चित्ते पाळले जात आणि चित्तेवान त्यांना काळविटांवर सोडत. उत्तरेच्या दरबारांत स्याहगोश, म्हणजे कॅरकल ही रानमांजराहून मोठी जात, ससे आणि पक्षी धरण्यासाठी शिकवली जाई. दख्खनच्या माळावर सशामागे धावणारे मुधोळ जातीचे कुत्रे तर आजही आहेत. त्याहून बोलका दाखला बंगालचा. सुंदरबनाच्या बाजूला, विशेषतः बांगलादेशातल्या नराइल भागात, कोळी पाळीव ऊद पाण्यात सोडतात. ऊद काठच्या गवतामुळांत दडलेले मासे हुसकावतो आणि ते जाळ्यात येतात. म्हणजे फेरेटच्याच कुळातला प्राणी, फेरेटचंच काम, आणि सोबत जाळंसुद्धा. मासा काठच्या कपारीत दडतो, तिथं माणसाचा हात पोचत नाही, म्हणून मदतनीस जनावर लागलं. माळावर ससा उघडाच बसलेला असतो. तिथं गरज होती ती वेगाची, आणि ती चित्त्यानं, स्याहगोशानं, कुत्र्यानं भागवली. भोकात शिरणाऱ्या जनावराला सशापुरतं इथं कामच नव्हतं.

बिळात राहणारी इतर जनावरं होती की, असं मग कुणी विचारील. साळिंदर आहे, घोरपड आहे, शेतातले उंदीर आहेत; त्यांच्यासाठी मुंगूस का शिकवला नाही? हा प्रश्न अधिक कठीण आहे आणि त्याचं उत्तर मला धुरात दिसतं. उंदरांची बिळं खणून आणि धुरी देऊन रिकामी करण्यात कातकरी पटाईत. साळिंदरालाही धूर देऊन बाहेर काढतात आणि दाराशी कुत्रे, काठ्या तयार ठेवतात. धुराला खायला घालावं लागत नाही, तो आत झोपून राहत नाही, आणि साळिंदराच्या काट्यांनी जखमीही होत नाही. ज्याच्यावर फेरेट सोडला तर फेरेटच मरेल, अशा जनावराला धूरच बरा.

हत्यार जनावराच्या सवयीवरून ठरतं, याला महाराष्ट्रातूनच एक भक्कम पुरावा मिळालेला आहे. कैलाश मल्होत्रा, खोमणे आणि माधव गाडगीळ यांनी १९८३ साली भटक्या शिकारी जमातींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच मुलखात फिरणाऱ्या तीन जमाती एकमेकींच्या वाटेला जात नाहीत, असं त्यांना आढळलं. नंदीवाले कुत्र्यांच्या जोरावर रानडुक्कर, साळिंदर, घोरपड मारतात. वैदू मुंगूस, रानमांजर अशी छोटी मांसाहारी जनावरं सापळ्यांत धरतात आणि पाण्यातले जीवही पकडतात. फासेपारधी फासे लावून काळवीट, मोर, तित्तर यांच्या मागे असतात. तिघांची हत्यारं वेगळी, म्हणून सावजं वेगळी. आणि सावजं वेगळी, म्हणून हत्यारं पिढ्यानपिढ्या तीच. जनावराचं ज्ञान आणि हाताचं कसब यांची ही गाठ इतकी पक्की असते, की बाहेरून आलेलं हत्यार नुसतं दाखवल्यानं रुजत नाही. त्याचं सावज सोबत यावं लागतं. काजूला इथला उतार मानवला, म्हणून काजू राहिला. युरोपातला ससा भारतीय रानात टिकला नाही, म्हणून त्याच्यामागचा फेरेटही आला नाही. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिननं ऑस्ट्रेलियात सोडलेल्या थोड्याशा सशांची पुढं टोळधाड झाली, हा उलटा दाखला. पण तिथं कोरडी, पोकळ जमीन होती आणि भक्षक कमी. सड्यावर कोल्हा, रानमांजर, मुंगूस, साप, घारी आणि वर चार महिन्यांचा पाऊस.

आता या फरकाचा माणसांवर काय परिणाम झाला ते पाहायला हवं. माझ्या दृष्टीनं या इतिहासाचा जीव तिथं आहे. दारावर जाळं लावणारा एकटा पुरतो. वाटेवर जाळं लावलं की सावजाला त्या वाटेवर ढकलणारे लागतात. म्हणून हाका आला, हाकेकरी आले, कुत्री आली, कुणी कुठं उभं राहायचं हे ठरवणारा जाणता आला, आणि शेवटी वाटण्या आल्या. कोकणात शिमग्याच्या सुमारास शेतकाम आटोपलेलं असे, गवत वाळून रान मोकळं झालेलं असे, आणि गावकीच्या पारधीला तेच दिवस सोयीचे पडत. मारणाऱ्याला मानाचा भाग, हाकेकऱ्यांना सारखे वाटे, कुत्रेवाल्याला कुत्र्याचाही वाटा. इथं एक खरा आक्षेप उभा राहतो: रानससा भरला तर दोनतीन किलोचा, वीस माणसांनी रान उठवून तो वाटून घेतला तर प्रत्येकाच्या पानात घासभर तरी पडेल का? नाही पडणार. गावकीचा हाका मुख्यतः डुकरासाठी आणि भेकरासाठी, ससा त्यात आयता सापडे, हे मान्य केलंच पाहिजे. पण यानं माझं म्हणणं ढासळत नाही, नेमकं होतं. नुसत्या सशासाठी जाळं लावणारे म्हणजे चारसहा जणांची टोळी, नाहीतर एखादं कुटुंब. घाटावर फासेपारध्यांची अख्खी बिऱ्हाडं फाश्यांच्या माळा घेऊन माळ पिंजत. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या निरंकालचे वानरमारे माकडांसाठी जाळी वापरत. टोळी मोठी असो की लहान, लावणारा आणि हाकणारा वेगळा असावा लागे. वाटेवरच्या जाळ्याला एकट्याचा धंदा होता येत नाही.

या सामूहिकपणाला सोन्याचा मुलामा देण्याचं मात्र कारण नाही. हाक्यात गाभण मादीही मरत असे, पिल्लंही. वाटणीतला मान जातीच्या आणि गावकारीच्या उतरंडीनं चाले. आणि ज्यांचं पोटच शिकारीवर होतं त्यांच्याशी समाज कसा वागला, हे लपवता येणारं नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, पुढं मुंबई इलाख्यातल्या पारध्यांवर तोच शिक्का बसला, आणि १९५२ साली कायदा रद्द झाला तरी गावोगावची नजर बदलली नाही. जाळ्याची विद्या ज्यांनी सर्वांत सूक्ष्मपणे जपली, त्यांनाच जाळं बाळगण्याबद्दल संशयित ठरवलं गेलं. हा अन्याय या विद्येच्या इतिहासातून वेगळा काढता येत नाही.

वाघर मागं पडली ती एका घावानं नव्हे. आधी ठासणीची बंदूक आली, मग काडतुसाची. पीक राखण्याचे परवाने मिळाले आणि हाकेकऱ्यांची गरज घटली. रात्री बॅटरीच्या झोतात ससा थबकतो. तिथं तर एका माणसाचंच काम उरलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला छोट्या शिकारीचा आणि सापळ्याचाही परवाना होता, ससे त्या छोट्या शिकारीतच मोडत. १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचे परवाने संपले. ही बंदी योग्यच होती. डिचोलीत खाणींनी डोंगर उलटे केले होते, पेडण्यात सड्यांवर बांधकामं चढत होती, आणि ज्याचं रानच आक्रसतंय त्या जनावराला शिकारीचा भार सोसणार नव्हता. मोप्याच्या सड्यावर २०२३ पासून विमानं उतरू लागली. पण हाका थांबला तरी चोरटी शिकार थांबली नाही. तिनं तारेची फासकी उचलली. फासकीला ना हाकेकरी लागतात ना जाणता. एक माणूस संध्याकाळी ती वाटेवर बांधतो आणि सकाळी येऊन पाहतो. जाळ्याजवळ माणूस उभा असे, नको ते जनावर अडकलं तर सोडता येई. फासकीजवळ कुणी नसतं, म्हणून डुकरासाठी लावलेल्या तारेत सिंधुदुर्गात आणि गोव्यात बिबटे तडफडून मरतात. कायद्याच्या लेखी दोन्ही गुन्हेच, आणि तसंच असावं. इतिहास लिहिणाऱ्यानं मात्र दोन्ही एकाच परंपरेत घालू नयेत. फासकी ही वाघरीची लेक नाही. गावकी मोडल्यावर उरलेल्या एकट्या माणसाचं ते हत्यार आहे.

जैवविविधता कायदा २००२ साली झाला आणि त्याखाली पंचायतींनी लोक जैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. त्यांत झाडं, औषधी, पक्षी यांची नावं येतात. सशाच्या वाटा, हाक्याच्या जागा, कुठल्या खिंडारातून काय निसटतं, हे म्हाताऱ्या पारध्यांचं ज्ञानही त्यांत यायला हवं. चोरट्यांना आयतं साधन मिळेल, ही भीती रास्त आहे. त्यासाठी त्या नोंदी वनखात्यापुरत्या आणि ग्रामसभेपुरत्या ठेवता येतील. पण सड्यावरून रस्ता नेताना जनावरांसाठी मोरी नेमकी कुठं सोडायची, कुंपणात फट कुठं ठेवायची, हे सांगणारी माहिती हीच आहे. जनावर रोज कुठून जातं हे ज्यांनी वाघर लावण्यासाठी शिकून घेतलं, त्यांतले बरेच जण आज सत्तरीच्या पुढं आहेत.