खाडीपलीकडचे कर्वे

मागच्या महिन्यात हरिहरेश्वरला गेलो होतो. ओहोटी होती म्हणून प्रदक्षिणेच्या वाटेवर उतरलो. खडकावर टेकलो तर मित्र एकदम म्हणाला, "रात्र रात्र मोबाईलवर तेच बघतो रे. नोकरी जायची वेळ आलीय, तरी सुटत नाही. मी घाणेरडा आहे का?"

मला र. धों. कर्वे आठवले. बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की पुढे दापोलीजवळचं मुरूड, त्यांचं जन्मगाव. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. घरी बोलता येणार नाहीत असे प्रश्न लोक त्यांना विचारत. ते पाप-पुण्य न काढता उत्तरं देत. १९३४ साली या उत्तरांवरच अश्लीलतेचा खटला चालला. वकील होते डॉ. आंबेडकर! खटला हरले, दंड झाला, पण मासिक थांबलं नाही.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत 'अनिवार्य लैंगिक वर्तन' हा विकार आहे. खूण काय? सहा महिने किंवा जास्त काळ आवरता न येणं, घर-काम-तब्येतीची हेळसांड, आणि मजा उरली नाही तरी न थांबणं. नुसती इच्छा जास्त असणं किंवा अपराधी वाटणं म्हणजे आजार नव्हे.

मित्राला म्हटलं, "घाणेरडा वगैरे काही नाहीस. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ, मी येतो सोबत." सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबरही दिला.

भरती सुरू झाली होती. उठलो.